बोटाएवढं दुखणं

दुखणं जुनं झालं की औषधांपेक्षा त्याचे किस्सेच घरात जास्त साठतात. माझ्या छातीत डाव्या बाजूला सात वर्षं दुखत होतं. पेडण्याच्या बाजारात माझं भुसारी दुकान, त्यामुळे गिऱ्हाइकाला सामानाबरोबर एखादा किस्साही मिळायचा. सांगताना मी हसायचो, पण मान वर करून सांगावा असा त्यात एकही नाही.

पहिली कळ आली ती दुकानातच. घामाघूम झालो. शेजारच्या कापडवाल्या बाबल्यानं टॅक्सी करून म्हापशाला नेलं. तिथे कार्डिओग्रामची पट्टी काढली, हार्ट ठणठणीत निघालं आणि संध्याकाळच्या बसनं आम्ही परत आलो. उतरून बघतो तर सगळा बाजार अर्धा बंद. कोणी गेलं की आमच्याकडे दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावतात. मी पानवाल्याला विचारलं, "कोण गेलं रे?"

त्यानं माझ्याकडे बघत फळी काढायला घेतली. म्हणाला, "आता कोणीच नाही."

पुढची गोष्ट गोवा राज्य व्हायच्या आधीची, राजभाषा मराठी की कोंकणी यावरून आंदोलन पेटलं होतं तेव्हाची. मराठीच्या सभेत आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. दोन नावं घेतली आणि छातीत अशी कळ आली की खालीच बसलो. दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं, कोंकणीवाली गिऱ्हाइकं तुटतील म्हणून शेट बसले! पाववाला इनास तर हात मिळवायला आला. "बरें केलें तुवें," म्हणाला. आता ह्याला छातीचं काय सांगणार? मी हसलो आणि त्याला चहा पाजला. ते हसू मला अजून बोचतं.

मग पणजीचे मोठे डॉक्टर. सगळ्या तपासण्या चांगल्या. त्यांनी बायकोला विचारलं, यांना कसली काळजी आहे का? ती म्हणाली, "तांकां कसली? काळजी आमकां." मी गॅसच्या गोळ्या घेऊन घरी आलो.

शेवटी तिच्याच आग्रहानं देवळात गाऱ्हाणं घातलं. गुरवाच्या कानात मी सगळं हळूच सांगितलं. पण गाऱ्हाणं मोठ्यानं घालायचं असतं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा असतो. "हेच्या छातीत दुखता, म्हाराजा," गुरव म्हणाला. मागून पुटपुटल्यासारखं "होय म्हाराजा" आलं. "लोक म्हणतत, हेचा सोंग आसा."

"होय म्हाराजा!" देऊळ दणाणलं.

निदान झालं ते आमच्या गावच्याच दवाखान्यात, नव्या आलेल्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी मशीन वगैरे काही लावलं नाही. बरगडी मधल्या हाडाला जोडते तिथे एक बोट दाबलं. मी असा ओरडलो की बाहेरची रांग उठून उभी राहिली. "हे हृदय नव्हे, सांधा सुजलाय," त्या म्हणाल्या. "पोती उचलणाऱ्यांना होतं."

जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी मला यल्लाप्पा आठवला. बेळगावकडचा हा माणूस पूर्वी माझ्याकडे पोती उतरवायचा. एकदा ट्रक अर्धा रिकामा झाला असताना छातीला हात लावून तो खाली बसला. तांदळाचं पोतं चाचपावं तसं मी चारचौघांत त्याच्या छातीवर बोट दाबलं. त्यानं हूं की चूं केलं नाही. "दुखत असतं तर ओरडला असतास," म्हणत मी त्याला कामावरून काढलं.

तो डिचोलीत एका व्यापाऱ्याकडे असल्याचं कळलं. गेलो. ट्रकच्या सावलीत बसून त्याला सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंचा कागद दाखवला, चूक माझी होती म्हटलं. त्यानं निवांत ऐकून घेतलं. मग विचारलं, "बोट लावल्यावर तुम्ही वरडला, शेट?"

"ओरडलो."

त्यानं मान हलवली. "मग आमचंच चुकलं म्हणायचं. चार माणसांत वरडायची लाज वाटली हुती बघा."