सुधाताईची दुसरी डिस्क

सुधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टेशनवर आरक्षणाच्या खिडकीवर बसलो होतो. पलीकडून तिचा धाकटा भाऊ विनायक एवढंच म्हणाला, "शरद, ताई संकठाजीच्या देवळाच्या पायऱ्यांवर पडली... उठलीच नाही." समोरचा माणूस फॉर्म पुढे करून "बाबूजी, दो टिकट" म्हणत होता. मी त्याची तिकिटं काढून दिली. कुठल्या गाडीची, ते आता आठवत नाही. डोक्यात रक्त साकळलं होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. जुन्या माराचं असेल, कदाचित नसेलही. आमच्या घरात मात्र 'नसेल' असं कुणी म्हणत नाही.

सुधाताई माझी मामेबहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमची मराठी घरं उत्तरेतल्या या तीर्थाच्या गावी पिढ्यान् पिढ्या आहेत; मामा रामघाटावर वेदपाठशाळेत शिकवत. मुलींना तिथे शिकवायची पद्धत नव्हती, पण शेजारच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता हिचं निम्मं पाठ झालं होतं. एकदा एक विद्यार्थी स्वर चुकला, तर ही आतून म्हणाली, "खाली, वर नाही." मामा त्या विद्यार्थ्याला म्हणाले, "ऐकलंस ना? खाली." एवढंच. तिला रागावले नाहीत, शाबासकीही दिली नाही. पुढे ती बी.एस्सी. झाली, लग्न केलं नाही, आणि औषधनिर्माण शिकवणाऱ्या एका खासगी कॉलेजात परीक्षा विभागात लागली. तिथे कॉम्प्युटर आला तेव्हा दोघा बाबूंनी हात लावायला नकार दिला. सुधाताईने शब्दकोश शेजारी ठेवून त्याचं इंग्रजी पुस्तक पानापानाने वाचून काढलं.

त्या पुस्तकातच तिला कळलं की डिस्कचा एक भाग लपवलेला असतो. मशीन बिघडलं, तर त्या भागातून ते पहिल्या दिवसासारखं पुन्हा उभं करता येतं. निकाल तयार करण्याचा प्रोग्रामही विकणाऱ्याने त्यातच घालून दिला होता. वेगळी फ्लॉपी नाही, काही नाही. तिने त्याला विचारलं, "और ये डिस्क ही चली गई तो?" तो हसला. "मैडम, ऐसा कभी नहीं होता." वर्षभरात त्याचं दुकान बंद झालं आणि तो कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही. त्यानंतर ताईला चैन पडेना. माझं काम रेल्वेच्या कॉम्प्युटरवर, म्हणून तिने मला एका रविवारी कॉलेजात बोलावलं. "मला उलगडून दाखवू नको, फक्त पेचकस धर," म्हणाली. मशीनचं झाकण तिनेच उघडलं, स्वतःच्या पैशाने आणलेली दुसरी डिस्क चपट्या केबलने जोडली आणि तो लपवलेला भाग जसाच्या तसा तिच्यावर उतरवला. तीन तास लागले. मला वाटलं, झालं. पण तिने ती डिस्क कोपऱ्यातल्या जुन्या मशीनला लावली आणि सगळं उभं राहतं का, ते पाहिलं. मगच डबा उघडला, आम्ही पुरी-भाजी खाल्ली. डिस्क मामींच्या जुन्या लाल खणात गुंडाळून तिने माझ्या हातात दिली. "तुझ्या घरी ठेव. एकाच छपराखाली दोन्ही नकोत." दर शनिवारी ती गुणांच्या फ्लॉप्याही आणून देई.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात निकालाआधी कॉलेजात एक माणूस येऊन तिच्यासमोर बसला. आमच्या भागातल्या एका दबंग ठेकेदाराचा भाचा दोन विषयांत नापास होता. त्या माणसाचं म्हणणं साधं होतं: मशीन खराब झालं, असं लिहून द्या, निकाल रद्द होईल, सगळेच पुढे जातील. ताई म्हणाली, "ये लड़के कल दवा देंगे. किसी का बच्चा मर जाएगा." प्राचार्यांनी तिला आत बोलावून समजावलं, "सुधाजी, आप अकेली औरत हैं." ती उठून जागेवर गेली आणि कामाला लागली.

चौथ्या दिवशी भर दुपारी सहा जण आले. हॉकी स्टिका, सळ्या, एकाकडे घण. दारात आडवा झालेल्या शिपायाच्या तोंडावर पहिली काठी बसली. त्याचे दात फरशीवर सांडले. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि गुणांची रजिस्टरं अंगणात ओढून त्यांनी रॉकेल ओतलं. मॉनिटर फुटला तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला, असं ताई सांगायची. डिस्क बाहेर काढून उंबऱ्यावर ठेवली आणि घणाने ठेचली. खोलीत धूर भरला होता. मग त्यांच्यातल्या म्होरक्याने अगदी मऊ आवाजात विचारलं, "बहिनजी, एकर दूसर कापी कहाँ हौ?"

"नहीं है."

त्याने तिचा उजवा हात लोखंडी कपाटाच्या फटीत धरला आणि दारावर लाथ मारली. पुन्हा तोच प्रश्न, दुसरी प्रत कुठे आहे. पुन्हा "नहीं है". पुन्हा लाथ. बोटं मोडल्याचा आवाज तिने ऐकला, दुखणं नंतर आलं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं आणि तेवढ्यात मागच्या कुणीतरी तिच्या डोक्यात काठी घातली.

मी हॉस्पिटलात पोहोचलो तेव्हा पांढऱ्या पट्ट्यांतून रक्त पाझरत होतं आणि ती बेशुद्ध होती. दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीवर एक जण आला. तिकीट मागितलंच नाही. "बाबूजी, बिटिया किस स्कूल में पढ़ती है?" एवढं विचारून, हसून गेला.

इथे मला एक गोष्ट लिहायलाच हवी. त्याच संध्याकाळी ती लाल खणातली डिस्क आणि फ्लॉप्या घेऊन मी अमृतराव घाटावर गेलो आणि नाव केली. मधल्या धारेत सगळं टाकून द्यायचं, असं ठरवलं होतं. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, एवढा एकच विचार डोक्यात होता. नाव पुढे गेली. मी पिशवीतून ते लाल गाठोडं काढलं. नावाड्याने वल्हं थांबवलं, खांद्यावरचा गमछा नीट केला आणि अदबीने विचारलं, "भइया, केकर फूल हौ?" कुणाच्या अस्थी, असं तो विचारत होता. मी गाठोडं पुन्हा पिशवीत कोंबलं. "कोई मरा नहीं है," मी म्हणालो, जरा ओरडूनच. "वापस ले चलो."

घाटावरून मी थेट रिक्षा केली, विद्यापीठाच्या परीक्षा अधिकाऱ्यांच्या घरी गेलो आणि गाठोडं त्यांच्या टेबलावर ठेवलं. आठवड्याने दोन पोलीस शिपायांच्या पहाऱ्यात, दुसऱ्या मशीनवर, ताईने उतरवलेल्या त्या भागातून प्रोग्राम जिवंत झाला. प्रिंटर दिवसभर करकरत होता. निकाल लागला. भाचा दोन्ही विषयांत नापासच होता.

ताई शुद्धीवर आल्यावर मी तिला नावेची गोष्ट सांगितली. रडलोही. ती छताकडे बघत म्हणाली, "तिसऱ्यांदा त्याने विचारलं ना, तेव्हा तुझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं रे. आधी काठी बसली म्हणून." नंतर पुष्कळांनी तिच्या धैर्याचं कौतुक केलं. ती ऐकून घ्यायची आणि माझ्याकडे बघायची.

दोघांना अटक झाली, दोघेही जामिनावर सुटले. प्रकरण अजून कोर्टात आहे. ताईने साक्ष दिली, तीही त्या म्होरक्याकडे बोट दाखवून. मोडकं बोट सरळ होत नव्हतं, म्हणून वकील म्हणाला, नेमकं कुणाकडे ते कळत नाही. ती पिंजऱ्यातून उतरली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ये." तिची शकलं झालेली बोटं पुन्हा जुळली ती अशी वाकडीच. डोकं अधूनमधून ठणकायचं, ती भिंतीला टेकून डोळे मिटून उभी राहायची. पण जुलैत ती कामावर परत गेली.

तेराव्यानंतर विनायकने आणि मी तिची खोली आवरली. टेबलाच्या खणात आणखी एक डिस्क निघाली, आणि तिच्यासोबत एक कागद, तिच्या जागी जो कुणी येईल त्याच्यासाठी. हिंदीत, डाव्या हाताने लिहिलेला, अक्षरं शाळकरी मुलासारखी तिरकी. झाकण कसं उघडायचं, केबलची लाल कडा कुठल्या बाजूला ठेवायची, कुठली कळ दाबायची... सगळं नंबर घालून. विनायक वाचता वाचता थांबला, कागद माझ्याकडे दिला आणि गच्चीवर निघून गेला. शेवटची ओळ मी वाचली.

"इसके बाद कुछ देर परदे पर कुछ नहीं दिखेगा. घबराइएगा नहीं, बैठे रहिएगा."