काल निघालेला पासपोर्ट

दिल्ली ते मेलबर्न सव्वादहा हजार किलोमीटर, विमानाचे साडेबारा तास. आत्याला तिथवर पोचवायला पुण्याहून ग्वाल्हेरला येतानाच हे आकडे मी पाठ करून आलो होतो. आत्याला लांबच्या प्रवासाची धास्ती असेल, अशी माझी समजूत. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे जायचं झालं. यायचं काय?"

भीती होती ती परतण्याची. मेलबर्नला तिची मुलगी मेधा बाळंत होणार होती आणि 'आई, आता इथेच राहा' असं वर्षभर फोनवर सांगत होती. आत्याचा सगळा संसार ग्वाल्हेरच्या लष्कर भागात झालेला.

निघायच्या सकाळी बेडई (डाळ भरलेली पुरी) आणि बटाट्याची रस्साभाजी झाली. तळहातावरचं दही चाटता चाटता मी विचारलं, "पासपोर्ट घेतलास ना?"

"तो कालच निघाला," आत्या म्हणाली.

त्या दिवशी मुहूर्त नव्हता, म्हणून तिने आदल्या दिवशीच प्रस्थान ठेवलं होतं. सुपारी-अक्षतांची पुरचुंडी बांधून पाटणकर बाजारात ओळखीच्या जाधववहिनींच्या घरी नेऊन दिली होती. प्रस्थान ठेवलं की माणूस निघाला असं धरतात. ते परत घरी आणायचं नाही, जाताना उचलायचं. महत्त्वाची वस्तू आधी निघावी म्हणून आत्याने त्यात पासपोर्टही बांधला होता. मी कपाळावर हात मारला.

वहिनींच्या दाराला कुलूप. मी त्यांना फोन लावला.

"काकू आज जाणार आहेत? मला तर कल का लगा. मी फूलबागला फिरायला आली आहे. रुका, आत्ता येते."

त्या रिक्षाने धापा टाकत आल्या. मी जरा तोडूनच बोललो, तर आत्या मलाच म्हणाली, "तिला कशाला बोलतोस? देवाजवळ ठेवलं होतं तिने."

ठेवलं होतं खरंच. दिल्ली विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्टावरचं हळदकुंकू बोटाने झटकलं आणि शिक्का मारला.

आम्ही पोचल्यावर चौथ्या दिवशी मेधाला मुलगी झाली. पुढे एकदा जेवताना मेधाने राहण्याचा विषय काढलाच. आत्या नातीच्या दुपट्याच्या घड्या घालत राहिली. आता ही ग्वाल्हेर बघत नाही, असं मला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

मी एकटा परत निघालो तेव्हा तिने माझ्या हातात एक पुरचुंडी दिली. "वहिनीकडे दे. माझं प्रस्थान आहे."

"अगं, तुझं तिकीट सहा महिन्यांनंतरचं आहे. इतक्या आधी ठेवतात का?"

"लांबचा प्रवास आहे," ती म्हणाली.

दिल्लीहून थेट पुण्याला जायचं सोडून मी गाडीने ग्वाल्हेर गाठलं. विमान कंपन्या तास मोजतात ते विमान उडाल्यापासून. मीही इतकी वर्षं तसेच मोजत होतो. वहिनींनी पुरचुंडी दोन्ही हातांनी घेऊन देवाजवळ ठेवली.

"आत्याला यायला अजून अवकाश आहे," मी म्हटलं.

"असू द्या ना, भैया. काकू तर निघाल्या."