चाळीस खाचांची काठी

गेल्या वैशाखातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजता, आमच्या सोसायटीची जमिनीखालची वीस हजार लिटरची पाण्याची टाकी वाढवून चाळीस हजारांची करायचा ठराव झाला. खर्च दोन लाख शहाऐंशी हजार. बेचाळीस घरांपैकी एकोणतीस घरं हजर. हात मात्र तीस वर झाले, कारण माझ्या मामेसासऱ्यांनी दोन्ही वर केले होते. मी एकच मोजला. पाण्याच्या बाबतीत एवढा लोभी आणि एवढा निर्मळ माणूस अख्ख्या सुरतेत दुसरा नसेल, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. धुळ्याकडून आले, सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये एकतीस वर्षं पाण्याच्या पंपावर राहिले आणि निवृत्त झाल्यावर कामरेजला आमच्या समोरचंच घर घेतलं. त्यांच्याकडे पाहुण्याला अर्धा ग्लास पाणी मिळतं. वर "लागनं तर आखो मांगा" असा आग्रहही. आंघोळ ते मोठ्या घमेल्यात बसून करतात आणि ते पाणी पपईला घालतात. ती पपई गोड आहे, पण साबणाचा वास येतो हे त्यांच्यासमोर बोलायची कुणाची छाती नाही. आमचं लग्न चलथाणला झालं. नवरीला मामाने मांडवात आणायचं असतं. भटजी ओरडतायत, अंतरपाट धरलेला, आणि मामा मांडवामागे टपकणाऱ्या नळाला चिंधी बांधतायत! मुहूर्त चार मिनिटांनी टळला. संसार वीस वर्षं ठीक चाललाय, तेव्हा त्या चार मिनिटांबद्दल माझी तक्रार नाही.

पण मामांचं खरं वैभव म्हणजे त्यांची काठी. वेळूची, चाकूने चाळीस खाचा पाडलेली, एक खाच म्हणजे पाचशे लिटर. रोज सकाळी नगरपालिकेचं पाणी येऊन गेलं की मामा टाकीचं झाकण उघडून काठी बुडवणार आणि गल्लीत आकडा पुकारणार. "चौदा खाचा! कपडा धोई टाका!" किंवा "नऊ खाचा! आज फक्त भांडा घासा!" अकरा वर्षं आमच्या गल्लीतल्या बायकांनी या आवाजावर घर चालवलं. आमचे सेक्रेटरी भावनगरकडचे. ते म्हणायचे, "काका, मीटर लगावी दईए?" मामा म्हणायचे, "लावा. पन तुमना मीटरले गोधडी समजस का?" नळ वाहता सापडला तर पन्नास रुपये दंड, हा नियमही मामांचाच. वसुली माझ्याकडे, कारण खजिनदार मी.

टाकी वाढवा म्हणून मामांनी सहा वर्षं सभा गाजवल्या. शेवटी जुन्या टाकीला लागून तेवढाच खड्डा खणला, मधली भिंत फोडली, आणि श्रावण लागायच्या आत पाणी सोडलं. घाई यासाठी की यंदा श्रावणातली कानबाई देवी आमच्या घरी बसणार होती. खानदेशी घरात कानबाई यायची तर आधी घर धुऊन निघावं लागतं, शेवटच्या गोधडीपर्यंत. भाऊबंद दीडशे येणार होते, आणि माझ्या बायकोपुढे एकतीस गोधड्यांचा ढीग होता.

सोमवारी मामा ओरडले, "बावीस खाचा! गोधड्या नको! पाव्हना येवाना शेत, साचू द्या!" पाहुणे येणार आहेत म्हटल्यावर बायको थांबली. मंगळवारी सव्वीस, नको. बुधवारी एकतीस, नको. मी म्हटलं, "मामा, टाकी दुप्पट झाली. आता एक खाच हजार लिटरची. एकतीस हजार लिटर पाणी आहे."

"खाच ती खाच, जवाईबापू," मामा म्हणाले आणि काठी पुसत घरात गेले.

"मामा, रविवारी कानबाई. गोधड्या वाळणार कधी?" बायकोचा आवाज रडवेला झाला होता. मामांनी दार लोटून घेतलं. आणि मामा नाही म्हणत असताना गोधडी भिजवेल अशी बाई आमच्या गल्लीत नाही.

गुरुवारी सकाळी टाकी भरली. पाणी आपोआप अडवणारा नवा बॉल कॉक अजून बसायचा होता, त्यामुळे नळ काही बंद झाला नाही. झाकणाच्या कडेने पाणी उसळलं, फरसबंदीवरून वाहत गटारात जायला लागलं. सगळी गल्ली बाहेर आली. सेक्रेटरी व्हॉल्व बंद करायला धावले. मामा मात्र काठी हातात धरून उभेच. सत्तर वर्षांत त्यांनी आपल्या दारचं पाणी फुकट जाताना पाहिलं नव्हतं. कुणी हसलं नाही.

मी जवळ गेलो. ते हळू म्हणाले, "हिशोब माले समजस, जवाईबापू. पहिल्या दिनपासून समजस. पानी शे, पन शे म्हनाले जीभ नही मानस."

मग त्यांनी घसा साफ केला आणि पुकारलं, "चाळीस खाचा! धोई टाका व माय, समद्या गोधड्या धोई टाका!" पण तो आवाज नेहमीचा नव्हता. दुपारपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक कठड्यावर गोधड्या पसरल्या होत्या. मामा त्यांच्यामधून फिरत होते, एखादीचा कोपरा पिळून ते थेंब पपईत टाकत होते.

ठेकेदाराचा शेवटचा हप्ता, अठरा हजार, बॉल कॉक बसल्यावर दिला. आणि कानबाईच्या आदल्या संध्याकाळी मामांनी माझ्यापुढे पन्नासची नोट ठेवली, सोसायटीच्या नावे, दंड म्हणून. मी नको म्हटलं, तर पावतीच मागितली. कारणाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं. त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं आहे: पाणी असताना नाही म्हणालो.