खजुराची बी

आखातात, मुहर्रकला, विमानतळाच्या कुंपणालगत, रत्नागिरीच्या एका काकांची खोली होती. विमानांत सामान चढवायचं त्यांचं काम. सत्तरच्या दशकात आम्ही कोकणातली पोरं दर शुक्रवारी त्यांच्याकडे जेवायला जायचो. जेवण झालं की काका न चुकता दुसऱ्या महायुद्धातली इवो जिमाची लढाई मांडायचे.

रिकामी थाळी म्हणजे पॅसिफिक समुद्र. एका काठाला लिंबाची फोड, तिथून अमेरिकेची विमानं बॉम्ब घेऊन उडायची. समोरच्या काठाला मीठ, ते जपान. आणि मधोमध चोखलेली खजुराची बी.

"ही इवो जिमा."

"एवढ्याशा बेटापायी इतकी माणसं मारायची?" मी एकदा म्हणालो. "वळसा घालून जायचं की!"

काका तडकले. "मार खाल्लेलं विमान वळसा घालील काय? घरापर्यंत पोचत नाही, त्याला मध्ये उतरायला जागा नको? खलास!"

त्यांचं 'खलास' आलं की वाद संपायचा. मला मात्र ते कधी पटलं नाही.

पुढे माझी कंपनी बंद पडली, राहायची जागाही गेली. घरी कळवायची हिंमत होईना. बॅग घेऊन काकांच्या दारात उभा राहिलो. शुक्रवारही नव्हता. त्यांनी बॅगेकडे पाहिलं. भिंतीशी गुंडाळून ठेवलेली गादी पसरली आणि मला वाढलं.

जेवण झाल्यावर मी सवयीने खजुराची बी थाळीच्या मधोमध ठेवली.

काकांनी थाळी उचलली.

"आज नको," ते म्हणाले. "नीज तू."