रेनेचं बारसं

आई गेली त्याच्या तीन दिवस आधी माझ्या भावाला फ्रान्समध्ये मुलगी झाली. आई तेव्हा सांगलीच्या दवाखान्यात होती. फोटो तिच्यासमोर धरला, पण तिने तो पाहिला की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

सुतकात बारसं करत नाहीत. तिकडच्या कचेरीत मात्र बाळाचं नाव आठवड्याच्या आत नोंदवावं लागतं. तेराव्यानंतर भावाचा फोन आला. बायकोच्या आजीचं नाव ठेवलं होतं, रेने. "नोंद झालीय, पण कानात आत्यानंच सांगायचं. मी फोन तिच्या कानाशी धरतो."

नावाचा अर्थही त्यानेच सांगितला, पुन्हा जन्मलेली. ते ऐकून मावशीने डोळ्यांना पदर लावला. "आली गं माझी बहीण माघारी." दुपारपर्यंत आमच्या रहिमतपूरच्या गल्लीत सगळ्यांना कळलं.

मला ते सोसेना. मूल जन्मलं तेव्हा आई जिवंत होती. मी तिचे पाय चेपत बसले होते. सांगलीला परतल्यावर ग्रंथालयात दोन जाडे कोश काढले. शब्द मूळचा लॅटिन. जुने ख्रिस्ती लोक बाप्तिस्म्याला दुसरा जन्म मानत. तो याच देहात व्हायचा, पाण्याने. आपल्याकडे मुंजीनंतर द्विज म्हणतात, तसं काहीसं. मरणाचा तिथे संबंधच नव्हता.

रविवारी नाव सांगायला गावी गेले. आबा, माझे वडील, ओसरीत बसले होते. आई गेल्यापासून अर्ध्या भाकरीवर उठायचे.

"तू शिकल्याली हायस," ते म्हणाले. "खरंच आलीया व्हय ती?"

हो म्हटलं असतं तर कदाचित पोटभर जेवले असते. तो शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण आबांशी मी कधी खोटं बोलले नव्हते. कोशात वाचलेलं सगळं सावकाश सांगितलं.



"मंजी न्हाई आली."

"नाही, आबा."

"बरं झालं. लय राबली. दोनदा पोट फाडलं तिचं. पुन्ना कशाला आणायची हितं?" मग आत स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाले, "मावशीला नको सांगू. उगा माझ्याशी भांडंल."

मी मान हलवली.

"लाव आता फोन. पोर खोळंबली आसंल."