कवळीवाल्यांची हिरवी गिटार

सगळी गल्ली त्यांना कवळीवाले म्हणायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. दातांच्या दवाखान्यामागच्या लांबट खोलीत एकतीस वर्षं ते कवळ्या बनवत होते. भिंतीला फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. नवखा माणूस आत शिरला की दचकायचाच. कवळीवाल्यांना मात्र त्या जबड्यांची सोबत वाटे. "सगळे हसतात आणि एकही जण बोलत नाही," ते म्हणायचे. "अशी माणसं मिळतात कुठे?"

त्या दिवशी ते पॉलिशची पावडर आणायला बाजारात गेले होते. वाद्यांच्या दुकानाच्या काचेत एक इलेक्ट्रिक गिटार टांगलेली होती. जुन्या फ्रिजचा असायचा तसला फिकट हिरवा रंग, पांढरी पट्टी, दोन गोल बटणं. कवळीवाले जागीच थबकले. कॉलेजात चौघांच्या बँडमध्ये ते वाजवायचे ती हुबेहूब अशीच होती. ती ड्रमवाल्याच्या मामाची. मामाने एक दिवस ती विकून टाकली आणि बँडही तिथेच संपला. नंतर नोकरी, लग्न, लेकीचं शिक्षण. गिटार राहिली ती राहिलीच.

आत गेल्यावर विक्रेत्याने पाठ केल्यासारखं सांगितलं, "रीइश्यू आहे सर. साठ वर्षांपूर्वीचं मॉडेल, नव्याने काढलेलं. जुनी घ्यायला जाल तर चारचाकीच्या किमतीत पडेल. ही एका स्कूटरच्याही निम्म्यात."

"पण कशी आहे?"

"एक नंबर!"

या उत्तराने कवळीवाल्यांचं समाधान होईना. तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरून दुरुस्तीवाल्या बाईंनी मान वर केली. कपाळावर चष्मा, हातात पक्कड. "इकडे आणा," त्या म्हणाल्या. गिटार आडवी धरून त्यांनी एक डोळा मिटला आणि मानेवरून नजर फिरवली.

"मान सरळ आहे. लाकूड बरं आहे. आवाज या पैशांत याहून चांगला मिळायचा नाही. पण मानेवरच्या या धातूच्या आडव्या पट्ट्या, फ्रेट, त्यांची टोकं बोटांना टोचतात बघा, घासलीच नाहीत नीट. आणि तारा ज्या पट्टीवरून जातात तो नट म्हणजे निव्वळ प्लास्टिक, खाचाही धड नाहीत. स्वस्तात देतात ते असं. चार तास हात फिरवला तर हीच गिटार वेगळी वाटेल."

कवळीवाल्यांनी अंगठा फ्रेटच्या टोकांवरून फिरवला. ओबडधोबड कडा त्यांच्या चांगल्याच ओळखीच्या होत्या. त्या गुळगुळीत करण्यातच त्यांचा जन्म गेला होता. "नट बसवायला हाडाचा तुकडा मिळेल?" त्यांनी विचारलं.

"मिळेल की. पण तुम्ही कोण?"

"मी दात करतो."

बाई खळखळून हसल्या आणि तुकडा फुकटच देऊन टाकला.

घरी गिटार सोफ्यावर ठेवली तेव्हा बाईसाहेब, म्हणजे कवळीवाल्यांची पत्नी, गणिताचे पेपर तपासत होत्या. लाल पेन हवेतच थांबलं.

"अहो, हे काय?"

"गिटार."

"ते दिसतंय मला. दात होते तेव्हा चणे नव्हते, आणि आता चणे आणलेत तर बोटं चालतात का तुमची?"

"चालवून बघतो."

पुढचे आठ दिवस दवाखाना सुटला की ते तासभर मागे थांबत. बारीक कानशीने एकेक टोक उतरवलं, मग कवळ्यांना वापरतात त्याच पावडरीने चकाकवलं. हाडाचा नट त्यांनी तीनदा केला, कारण पहिल्या दोन्हींच्या खाचा जास्त खोल गेल्या आणि तार झणझणू लागली. दंतवैद्यबाई एकदा डोकावल्या. "हा पेशंट कोण?" म्हणाल्या.

"साठीचा आहे, पण दात कालच आलेत," कवळीवाले म्हणाले.

बातमी मेव्हण्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. बाईसाहेबांचे थोरले भाऊ ते, घरात सगळ्यांचे दादा. याच मॉडेलची अस्सल, जुनी गिटार त्यांच्याकडे होती आणि हे त्यांना भेटलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रविवारी सकाळी ते हजर झाले, हिरव्या गिटारीकडे पाहिलं आणि चहा यायच्या आत निकाल दिला.

"जावईबापू, नक्कल ती नक्कलच. पैसे पाण्यात."

"वाजवून तर बघा."

"वाजवायचं काय त्यात? अस्सल वस्तूला जीव असतो."

कवळीवाले शांतपणे म्हणाले, "दादा, तुमच्या वरच्या आठ दाढा माझ्या हातच्या आहेत. जेवताना कधी जीव कमी पडला?"

बाईसाहेब पदर तोंडाला लावून आत पळाल्या. दादा जीभ दाढांवरून फिरवत स्वतःच हसले. "बरं," ते म्हणाले, "या माझ्याकडे. शेजारी शेजारी ठेवून ऐकू."

दादांच्या घरी आधी हात धुवावे लागले. मग कपाट, मग पेटी, मग मखमल. दादांनी जुनी गिटार तान्ह्या बाळासारखी उचलली आणि एक सूर छेडला. कवळीवाल्यांनी मान डोलावली, फरक होता. जुनीचा सूर विझताना गोल होत जात होता, हिरवीचा जरा लवकर संपत होता. ते त्यांनी तसंच सांगितलं. "तुमची सरस आहे, दादा. खोटं कशाला बोलू?"

दादा खुलले. पण दुसरी ओळ वाजवताना त्यांची बोटं अडखळली, तिसरीला थांबली. चार वर्षांत त्यांनी ती पेटी उघडलीच नव्हती. ओरखडा पडेल, घाम लागेल, तार तुटेल, अशी भीतीची शंभर कारणं. त्यांनी ती हळूच मखमलीत ठेवली आणि हिरवी मागितली. ती मात्र त्यांनी मांडीवर आपटलीच, हातातलं कडं तिला घासलं तरी पर्वा केली नाही, आणि अर्धा तास मनसोक्त वाजवत बसले.

कवळीवाले निघाले तेव्हा दादा म्हणाले, "ऑफिसात एकाचा निरोप समारंभ आहे. चार दिवस राहू दे माझ्याकडे. माझी तिथे कशी नेणार?"

चार दिवसांचे तीन आठवडे झाले. कवळीवाले भिडस्त, मागवेना. संध्याकाळी रिकाम्या मांडीवर बोटं नाचवत बसायचे. शेवटी बाईसाहेबांनी चप्पल घातली.

"दादा, आमची गिटार."

"अगं, नेतेस कुठे? आत्ता कुठे हात बसतोय!"

"मग तुझी तू घे. दुकान उघडंच आहे."

दादांनी घेतली, तशीच, फक्त लाल. तिला नक्कल म्हणायचं त्यांनी साफ बंद केलं. तिचं नाव 'रोजची'. तिची टोकं घासायला ती आधी दवाखान्यामागच्या खोलीत आली, हे सांगायला नकोच.

आता शनिवारी दुपारी दोघे कवळीवाल्यांच्या गॅलरीत बसतात. बोटं अजून अडखळतात आणि एकच गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत येतं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी परवा खाली वाकून विचारलं, दुसरं कधी बसवणार? कवळीवाल्यांनी खरं तेच सांगितलं, "दिवाणखान्यात विचारा, पेपर तपासून झाले की त्याच ठरवतात." आतून बाईसाहेबांचा आवाज आला, "आधी हे तालात येऊ दे!" आणि दोघांनी निमूटपणे पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.