पेशंटले चालते

माझा धाकटा भाऊ रशियात डॉक्टर व्हायला गेला आणि आचारी होऊन परत आला, असं मी म्हटलं की आई चिडते. डिग्री आहे त्याच्याकडे, भिंतीवर टांगलेलीसुद्धा आहे. पण परदेशातून शिकून आलेल्यांना इथं दवाखाना थाटण्याआधी जी परीक्षा द्यावी लागते, ती काही निघेना. शेवटी त्यानं यवतमाळात मोठ्या सरकारी दवाखान्यामागच्या रस्त्यावर एक गाळा घेतला आणि रात्री नऊनंतर पेल्मेनी विकायला बसला.

पेल्मेनी म्हणजे कणकेच्या पारीत खिमा भरून पाण्यात उकडलेले चिमुकले कानवले. वर लोणी आणि दही. तिखटाचा पत्ता नाही. आमच्याकडे पोह्यांवरसुद्धा तर्री ओततात. गिऱ्हाइकानं तर्री मागितली की हा त्याला तिकडच्या बर्फाबद्दल व्याख्यान द्यायचा. गिऱ्हाईक व्याख्यान संपायच्या आत उठायचं.

मग एका रात्री घाटंजीकडचा एक माणूस आला. त्याची बायको वॉर्डात होती. त्यानं एक घास खाल्ला, विचार केला आणि म्हणाला, "तिखट नाही, तेल नाही, उकडलेलं हाये. पेशंटले चालते हे."

झालं. पेशंटचे नातेवाईक डबे भरून न्यायला लागले. शाकाहारी रोग्यांसाठी आत बटाटा आणि पनीर गेलं. तिकडे थंडीत दारूसोबत खायचा पदार्थ आमच्याकडे पथ्याचा ठरला. भावाला ते फार झोंबलं, पण गाळा चालला.

आमच्या गावी, राळेगावला, लोक बाबांना विचारायचे, डॉक्टर सध्या कुठं? बाबा सांगायचे, "यवतमाळले हाये, दवाखान्यापाशी. रातपाळी असते." यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं बोलण्याची बाबांना चीड आहे. गाळ्यावर मात्र ते कधी फिरकले नाहीत. भाऊ मला फोनवर हटकून विचारायचा, "ताई, बाबा काही म्हणाले काय?" त्याला काय सांगणार, कप्पाळ.

यंदा बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, त्याच दवाखान्यात. हलकं खायला द्या म्हणून सांगितल्यावर भाऊ रात्री डबा घेऊन आला. बाबा खात होते. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या मुलाच्या कानावर आमच्या गावच्या पाहुण्यांकडून काहीतरी गेलं होतं. तो कौतुकानं म्हणाला, "काका, तुमचा पोरगा डॉक्टर हाये म्हणते. नशीबवान आहा तुम्ही."

भाऊ दाराकडे सरकला. हा विषय निघाला की तो नेहमी सरकतो, बाबांना बोलायला मोकळं व्हावं म्हणून.

बाबांनी तोंडातला घास संपवला. "शिकला डॉक्टरीच," ते म्हणाले, "पण हाटेल हाये त्याचं. हे त्यानंच केलं. मांगच्या रस्त्यानं जा, खाऊन पाह्य. बापासाठी घेऊन ये."

भाऊ रिकामा डबा उचलून नळावर गेला. डबा केवढा, पण तो बराच वेळ घासत राहिला. मला रडू येत होतं आणि बाबांचा भयंकर रागही येत होता. एवढंसं वाक्य बाहेर यायला त्यांचं पोट फाडावं लागलं.